मोसंबीची साल आणि काचेसारखें प्लॅस्टिक

जालना जिल्ह्यांतील अंबड, घनसावंगी व बदनापूर हे तालुके मोसंबीच्या बागांसाठीं प्रसिद्ध आहेत. या मोसंबीची ताजी साल थर्माकोलच्या तुकड्याजवळ दुमडून दाबली, तर सालींतील तेलाचे सूक्ष्म तुषार त्यावर उडतात आणि जेथें पडतात तेथें लहान लहान खळगे होतात. दिवसचे दिवस पाण्यांत बुडवूनहि ज्याला कांहीं होत नाहीं, त्यानें फळाच्या सालीपुढें हार खावी, हें कसें?

या तेलाचा मुख्य घटक लिमोनीन. थर्माकोल म्हणजे फेसाप्रमाणें फुलविलेलें पॉलिस्टायरीन. त्याचे रेणू म्हणजे एकमेकींत गुंतलेल्या लांबच लांब साखळ्या. सुमारें १०० अंश सेल्सिअसच्या खालीं त्या जागच्या जागीं थिजतात व पदार्थ काचेसारखा कडक राहतो. लिमोनीन व या साखळ्या, दोन्ही कार्बन आणि हायड्रोजन यांचींच बनलेलीं. त्यामुळें त्यांचें सहज जमतें. लिमोनीन साखळ्यांच्या मध्यें शिरतें, त्यांना दूर सारतें आणि हालचालीस मोकळीक देतें. पदार्थ प्रथम फुगतो, मग मऊ होतो व अखेर विरघळतो.

हा शिरकाव कोणत्या गतीनें होतो? आडोल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञानें १८५५ सालीं मांडलेल्या नियमाप्रमाणें विसरण जसजसें खोल जातें, तसतसें मंदावतें. दुप्पट जाडीस चौपट वेळ लागतो. परंतु काचसदृश बहुवारिकांत कित्येकदां निराळेंच घडतें, हें टर्नर आल्फ्री व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनीं १९६६ सालीं स्पष्ट केलें. फुगलेला भाग व कोरडा भाग यांच्यामध्यें ठळक सीमा पडते आणि ती एकसारख्या वेगानें आंत सरकते.

विहिरीचें उदाहरण घ्यावें. काळा पाषाण लागल्यावर खोली रोज किती वाढेल, हें तळाशीं चाललेल्या फोडणीवर ठरतें. वरून खालीं उतरण्यास लागणारा वेळ त्यापुढें नगण्य. तसाच फुगलेल्या भागांतून द्रव सहज पुढें येतो. विलंब लागतो तो सीमेवरील ताठर साखळ्या सैल होण्यास.

घरोघरीं लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट हीच. मोसंबीच्या सालीचें तेल पॉलिस्टायरीनच्या पारदर्शक डबींत ठेवणें धोक्याचें आहे. दुप्पट जाड डबी चौपट टिकेल, हा हिशेब येथें फसूं शकतो. शिवाय फुगलेला थर आंतील कोरड्या भागास ताण देतो आणि डबी विरघळण्यापूर्वींच तिला तडे जातात. काचेसारख्या दिसणाऱ्या डबीपेक्षां अशा तेलास खरी काचेची बाटलीच बरी.