दिवस भरण्याआधी बाळ का येते?

‘सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही’ असे आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या. हे खरे नाही. बाळ आईच्या पोटात जितके अधिक आठवडे राहील तितका त्याच्या जगण्याचा संभव अधिक. म्हणजे आठव्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा बळकटच असते. परंतु याहूनही घातक अशी दुसरी एक समजूत आहे. बाळ वेळेआधी आले की घरातली सारी बोटे सुनेकडे वळतात. ‘हिला कुणाची नजर लागली’, ‘हिचा पायगुणच वाईट’. बाळ काचेच्या पेटीत श्वासासाठी झगडत असते आणि आई बाहेरच्या बाकावर बसून बोल ऐकत असते. म्हणून या प्रश्नाची शास्त्रीय बाजू आम्ही माताभगिनींपुढे, आणि त्यांच्या घरच्या पुरुषांपुढेही, ठेवीत आहोत.

सदतीस आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अकाली जन्मलेले बाळ म्हणतात. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली. त्यांतील सुमारे ३० लाख एकट्या भारतातली होती. याची कारणे अनेक आहेत : जुळे, रक्तदाब, अंगात रक्त कमी असणे, लघवीचा जंतुसंसर्ग, तंबाखू-मशेरी. पण एका कारणाबद्दल घरात कोणी तोंड उघडत नाही. ते म्हणजे योनिमार्गातील जंतूंचा बिघडलेला तोल.

राखणदार जंतू

जंतू म्हटले की आपल्याला रोग आठवतो. पण सगळेच जंतू शत्रू नसतात. १८९२ साली डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी निरोगी स्त्रीच्या योनिमार्गात राहणाऱ्या जंतूंचे वर्णन केले. आज त्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणतात. दुधाचे दही करणाऱ्या जंतूंचे हे भाऊबंद. ते आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात रोगजंतूंचा टिकाव लागत नाही. ते जणू दारावरचे राखणदारच!

हे राखणदार कमी झाले की दुसरे जंतू माजतात. अंगावरून राखाडी, पातळ, माशासारख्या वासाचा स्राव जाऊ लागतो. पुष्कळ जणींना तर काहीच त्रास जाणवत नाही. हे जंतू गर्भाशयाच्या तोंडातून वर चढले तर पाणमोटेला, म्हणजे बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीला, सूज येते. पिशवी कमकुवत होऊन अवेळी फुटते किंवा कळा लवकर सुरू होतात. असे प्रत्येकीला होत नाही, पण धोका वाढतो हे निश्चित.

बाळावर परिणाम

२०१८ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी गरोदर स्त्रियांच्या या जंतूंची पाहणी प्रसिद्ध केली. पाणमोट अवेळी फुटलेल्या कित्येक जणींमध्ये ती फुटण्याच्या आधीच राखणदार जंतू घटलेले आढळले. ज्या बाळांच्या रक्तात जन्मल्याबरोबर जंतुसंसर्ग झाला, त्यांच्या आयांमध्येही हा बिघाड दिसला. अकाली बाळाची फुप्फुसे कच्ची, कातडी पातळ, रोगाशी लढण्याची ताकद तुटपुंजी. त्यामुळे मोठे माणूस सहज परतवील असा संसर्ग त्याच्या जिवावर बेततो.

मग औषध घेतले की झाले?

इतके सोपे नाही. फ्रान्समध्ये सुमारे तीन हजार गरोदर स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २०१८ मध्येच आला. त्रास नसतानाही केवळ जंतूंचा तोल बिघडलेला दिसला म्हणून सरसकट गोळ्या दिल्या, तरी अकाली बाळंतपणे कमी झाली नाहीत. पाणमोट फुटल्यावर दिलेले एरिथ्रोमायसिन बाळांना उपयोगी पडते, असे २००१ साली ब्रिटनमध्ये दिसले होते. पण लंडनच्या पाहणीत, ज्यांचे चांगले जंतू शाबूत होते त्यांचा तोल याच औषधाने बिघडल्याचे आढळले. म्हणजे एकाच औषधाने एकीला लाभ, दुसरीला तोटा. म्हणून मेडिकलच्या दुकानातून विचारून गोळी आणणे किंवा शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेणे गरोदरपणी अगदी वर्ज्य.

हे ध्यानात ठेवा

गरोदरपणी थोडा पांढरा, वास नसलेला स्राव जातो. त्याला घाबरू नये. पण वास येत असेल, रंग बदलला असेल, खाज किंवा जळजळ असेल तर लाज न धरता आशाताईंना, नर्सबाईंना किंवा डॉक्टरांना सांगावे. त्रास असलेल्या संसर्गावर उपचार होतात आणि ते घ्यावेत. साबणाने किंवा औषधी पाण्याने योनिमार्ग आतून धुऊ नये. त्याने राखणदारच वाहून जातात. बाहेरून साध्या पाण्याने स्वच्छता पुरे. लघवीची तपासणी चुकवू नये. आणि अंगावरून पाणी जाऊ लागले तर, कळा असोत वा नसोत, रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठावे. वेळ मिळाला तर बाळाची फुप्फुसे पक्की करणारे इंजेक्शन आईला देता येते.

बाळ लवकर आलेच तरी धीर सोडू नये. आईचे दूध हे त्याचे मोठे औषध आहे. त्या दुधाने आतड्यात चांगले जंतू वाढतात आणि आतड्याच्या जीवघेण्या आजाराचा धोका घटतो. आईला दूध कमी असेल तर दुग्धपेढीची सोय पाहावी. आशियातील पहिली दुग्धपेढी १९८९ साली आपल्या मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली. डॉक्टरांनी परवानगी दिली की बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवावे. हे काम बापालाही करता येते!

बापांना आणखी एक सांगणे. २०२५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले की, गरोदर नसलेल्या स्त्रियांवर या बिघाडाचे उपचार करताना नवऱ्यावरही केले, तर तो पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण बरेच घटते. म्हणजे हे दुखणे एकट्या बाईचे नाही आणि तिच्या चारित्र्याशी त्याचा काही संबंध नाही. तेव्हा सुनेला बोल लावण्यापूर्वी विचारा, तिच्याबरोबर तपासणीला घरातले कोण गेले होते?