टेंभी नाक्यावरचे परदेशी जेवण आणि आपली भाजीची पाटी

ठाणे जिल्ह्याच्या खेड्यापाड्यातल्या माणसाला टेंभी नाका काही नवा नाही. फेरफाराचे, भूसंपादनाच्या मोबदल्याचे काम घेऊन जो कोर्ट नाक्यावरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात येतो, पूर्वापार सिव्हिल हॉस्पिटलात ज्याचा कोणी ना कोणी दाखल असायचा, नवरात्रात आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या उत्सवातल्या देवीच्या दर्शनाला जो घरच्यांना घेऊन येतो, त्या प्रत्येकाची वाट इथूनच जाते. मुरबाडचा सरपंच असो की शहापूरचा तलाठी, साहेबांनी ‘जेवून या, चारनंतर बघू’ म्हटले की पाय आपोआप खाण्याच्या ठिकाणाकडे वळतात. (तलाठ्याचे नाव २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. गाव अजून ‘भाऊसाहेब’च म्हणते.)

पूर्वी हा प्रश्न सोपा होता. तहसील कचेरीजवळची मामलेदारची मिसळ, नाहीतर एखाद्या उडप्याकडची राइसप्लेट. मिसळीचे नावच कचेरीवरून पडलेले, तेव्हा तिच्या बाकावर शेजारी कोण बसत असेल हे सांगायला नको. आता तसे राहिले नाही. नाक्यावरून तलावपाळीकडे, तिथून नौपाड्यात, पुढे घोडबंदर रस्त्याला, किंवा उलट्या दिशेने कल्याण-डोंबिवलीत कुठेही फिरा. चायनीज, पिझ्झा, मोमो, शोर्मा, थाई, मेक्सिकन अशा पाट्या एकीला एक लागून दिसतात. यातली बहुतेक ठिकाणे पंचतारांकित नाहीत. चार टेबले, दोन पंखे, भिंतीवर रंगीत चित्रे. शनिवार-रविवार मात्र बाहेर नंबर लावून माणसे उभी असतात. गावाकडची कॉलेजात जाणारी पोरेही त्यात असतात, हे बापाला ठाऊक नसते एवढेच.

यावर आपल्याकडचा जुना माणूस म्हणेल, ‘त्या शेवयांना काय चव असते? त्याच्याशी आमचा काय संबंध?’ चवीचे ज्याचे त्याने पाहावे. संबंध मात्र आहे आणि तो पैशाचा आहे. शहरातला माणूस आठवड्यातून एकदा जे बाहेर खातो, ते कुठल्या तरी शेतातूनच येते. प्रश्न एवढाच की ते शेत पन्नास किलोमीटरवरच्या मुरबाड-शहापुरातले का नाही?

आधी ‘परदेशी’ या शब्दाने बिचकायचे कारण नाही. ठाणे १७३७ पर्यंत आणि वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. बटाटा, मिरची, टोमॅटो ही सगळी अमेरिका खंडातली पिके त्याच दर्यावर्दी लोकांच्या काळात इकडे आली. पाव हा शब्दही पोर्तुगीजच. म्हणजे आज ज्याला आपण अस्सल मराठी वडापाव म्हणतो, त्यातला वडा, पाव आणि वरची मिरची यांचे मूळ गाव सातासमुद्रापारचे. आपल्या शेतकऱ्याने ती पिके आपलीशी केली म्हणून ती आपली झाली. मग पुढच्या पिकांना का भ्यायचे?

चायनीजच्या कढईत काय असते?

या सगळ्या पाट्यांत सर्वाधिक खप चायनीजचा. ते चीनमध्ये कोणी खात नाही, ही गोष्ट वेगळी. हिंदुस्थानातले चायनीज कलकत्त्याच्या चिनी वस्तीतून वाढले. ज्या मंचुरियनवर आज गल्लोगल्लीच्या गाड्या चालतात, ते कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात पहिल्यांदा केले असे मानतात. आले, लसूण, हिरवी मिरची हा आपला नेहमीचा मसाला, त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि मक्याचे पीठ. पुढे कोंबडीच्या जागी कोबी-गाजराचे गोळे आले आणि शाकाहारी गिऱ्हाईकही हाताशी लागले. चायनीज भेळ आणि ट्रिपल राइस हे तर मुंबई-ठाण्याकडचेच उद्योग.

आता शेतकऱ्याच्या नजरेने ती कढई बघा. कोबी, गाजर, फरसबी, ढोबळी मिरची, कांद्याची पात, आले, लसूण, सुकी लाल मिरची, तांदूळ. बाटलीतले सॉस सोडले तर यात आपल्याला न ओळखता येणारी एक वस्तू नाही. पिझ्झ्यावर टोमॅटो, कांदा, ढोबळी, मक्याचे दाणे आणि चीज. मेक्सिकन म्हणून जे देतात त्यात राजमा, मका, टोमॅटो. थाई सूपमध्ये जी काडी टाकतात ती आपला गवती चहा, परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढणारा. इटालियन लोक ज्याला बेसिल म्हणतात आणि ज्याची हिरवी पाने पिझ्झ्यावर टाकतात, ती वनस्पतीशास्त्राने आपल्या सब्जाचीच जात. वाण वेगळा, पान मोठे, वास जरा गोडसर. फालुद्यात घालतो ते बी याच कुळातले. आणखी एक गोष्ट म्हशीवाल्यांसाठी. पिझ्झ्यावर जे लांबट तार सोडणारे मोझरेला चीज असते, ते इटलीत मूळचे म्हशीच्या दुधाचे.

आता ब्रोकोली, आइसबर्ग लेट्यूस ही पोटात हवा भरलेली नावे बाजूला ठेवू. कोणी सल्लागार येऊन ‘पॉलिहाउस टाका, ब्रोकोली करा, सोने पिकेल’ म्हणाला तर त्याला आधी आपल्या गावातले मार्चचे ऊन दाखवा. या पिकांना पंधरा ते वीस अंशांच्या आसपासची थंडी मानवते. आइसबर्गचा गड्डा उष्ण हवेत नीट बांधत नाही, पानांच्या कडा करपतात, मधून तुरा निघतो आणि पान कडू होते. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंड पट्ट्यात जे जमते, ते टोकावड्याच्या पायथ्याला जमेलच असे नाही.

ऑक्टोबर १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स या अमेरिकन कंपनीने दिल्ली आणि मुंबईत पहिली हॉटेले उघडली. उघडण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून त्यांची माणसे माल कुठून येणार याची तजवीज करीत होती. लेट्यूस तळेगावच्या त्रिकाया फार्ममधून, चीज बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीतून, टिक्क्या तळोज्याच्या व्हिस्टा कंपनीतून. सगळे महाराष्ट्रातले. त्यात तळोजे तर आपल्या शेजारचे, पण तिथे कारखाना आहे, मळा नाही. या यादीत मुरबाड, शहापूर, भिवंडी नव्हते. कंपनी पुणे जिल्ह्यात गेली ती नुसत्या हवेसाठी नाही. एका प्रतीचा माल रोज, वर्षभर, ठरल्या वेळी देणारा कोणी तरी तिथे उभा होता.

हॉटेलवाला काय बघतो?

नाक्यावरच्या चार टेबलांच्या हॉटेलाला मॅकडोनाल्ड्सएवढी शिस्त लागत नाही. त्याचा माल जांभळी नाक्याच्या बाजारातून नाहीतर वाशीच्या मार्केटहून येतो. एखादा भाजीवाला सकाळी टेम्पोतून पाच-सहा हॉटेलांना माल टाकतो, आठवड्याने नाहीतर महिन्याने हिशेब करतो. हॉटेलवाल्याला त्याच्याकडून तीन गोष्टी मिळतात. एक, सगळा माल एका फेरीत. दोन, कमी-जास्त झाले तर फोनवर पुन्हा पाठवणी. तीन, उधारी. भाव हा चौथा मुद्दा. शेतकरी थेट हॉटेलात जाऊन ‘माझी कोबी दोन रुपयांनी स्वस्त घ्या’ म्हणतो तेव्हा मालक हसून चहा पाजतो आणि ऑर्डर देत नाही, याचे कारण हेच. एकट्या कोबीसाठी तो आपला भाजीवाला तोडणार नाही.

म्हणून एकट्याने जाण्यात अर्थ नाही. गावातल्या सात-आठ जणांनी ठरवून वाटून पेरले तर निम्म्याअधिक यादी पुरी होते. एकाने पात, दुसऱ्याने फरसबी, तिसऱ्याने ढोबळी, चौथ्याने गवती चहा आणि कोथिंबीर. त्यातही पेरणी एकदम नको. कांद्याच्या पातीचा वाफा दर आठ-दहा दिवसांनी थोडा थोडा लावावा लागतो. नाहीतर एका आठवड्यात ढीग आणि पुढचे तीन आठवडे हात हलवत. भेंडी, गवार आखाती देशांत पाठवणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना प्रतवारी काय असते ते माहीत आहे. वाकडी, जून भेंडी बाजूला काढायची सवय त्यांच्या हाताला लागलेली आहे. तीच सवय इथे उपयोगी पडते. ढोबळीचा आकार एकसारखा, पात धुतलेली आणि मुळे कापलेली. आचाऱ्याचा वेळ वाचला की तो मालकाला स्वतःच सांगतो, ‘याच्याकडूनच घ्या’.

कायद्याची आडकाठी आता फारशी नाही. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. तेव्हापासून शेतकऱ्याने समितीच्या आवाराबाहेर कोणालाही माल विकला तरी अडवणूक नाही. खाद्यपदार्थांच्या परवान्याचीही भीती नको. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने शेतकरी आणि त्याचा शेतातला माल वगळलेला आहे. चिरून, डब्यात भरून विकायला लागलात तर मात्र गोष्ट वेगळी.

वाहतुकीचे म्हणाल तर शहापूरवाल्याला आसनगावहून लोकलचा मालडबा आहे. भल्या पहाटे पाट्या घेऊन बायाबापड्या कसारा लोकलने येतातच. मुरबाडला रेल्वे नाही, तिथे सामाईक टेम्पोशिवाय गत्यंतर नाही आणि एका पाटीसाठी टेम्पो परवडत नाही. म्हणून पुन्हा तेच, गट हवा.

पेंढ्यातले पीक

आपल्या जिल्ह्याला सगळ्यात जवळचे म्हणून एक पीक सुचवावेसे वाटते. चायनीज, इटालियन, थाई, सगळ्यांच्या यादीत मशरूम असते. हॉटेले मागतात ते पांढरे बटण मशरूम. त्याला चौदा ते अठरा अंश तापमान लागते, म्हणजे थंड खोली आणि विजेचे बिल. पण धिंगरी मशरूम वीस ते तीस अंशात येते आणि वाढते कशावर, तर भाताच्या पेंढ्यावर. पेंढा आपल्याकडे उदंड. पेंढा भिजवायचा, गरम पाण्यात निर्जंतुक करायचा, निथळून प्लास्टिकच्या पिशवीत थर देत बियाणे भरायचे, कुडाच्या झोपडीत टांगायचे आणि ओलावा राखायचा. तीन-साडेतीन आठवड्यांत पहिली तोडणी. उरलेला पेंढा खतात जातो. जमीन लागत नाही, म्हणून महिला बचत गटांना हे विशेष सोयीचे.

अडचण दोन ठिकाणी आहे. धिंगरी लवकर नासते, तोडल्या दिवशीच गिऱ्हाईक हवे. दुसरे, आचाऱ्याला बटणाची सवय. त्याला किलोभर फुकट द्यावे लागेल, करून बघ म्हणावे लागेल. एप्रिल-मेमध्ये पारा तिशीच्या वर गेला की पिशव्या रुसतात हेही ध्यानात ठेवायचे.

पाण्याचा विषय निघाल्याशिवाय शहापूरची गोष्ट पुरी होत नाही. तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यात. मुंबईच्या नळाला इथले पाणी, ठाण्यातल्या हॉटेलांच्या मोऱ्यांतून वाहते तेही बरेचसे भातसाचे. आणि धरणाच्या आसपासच्या गावपाड्यांत उन्हाळ्यात टँकर. दिवाळीनंतर भाजीपाला करा असा सल्ला देणे सोपे आहे, पण ज्याच्या विहिरीला फेब्रुवारीत तळ दिसतो त्याने काय करावे? अशा ठिकाणी पन्नास-साठ दिवसांत हातात येणारी पात, कोथिंबीर, बेबी कॉर्न एवढ्यावरच थांबलेले बरे. बेबी कॉर्नचे कणीस तर केसर दिसल्यापासून दोन-तीन दिवसांतच खुडायचे असते, आणि उरलेले ताट गुरांना हिरवा चारा म्हणून मिळते.

आणि एक सावधगिरी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हॉटेलांत बसून खाणे एका रात्रीत बंद झाले. महाराष्ट्रात ते पुन्हा सुरू झाले ५ ऑक्टोबर २०२० ला, तेही निम्म्या क्षमतेने, आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद. त्या सहा महिन्यांत कोबी-टोमॅटो सोसायट्यांच्या दारात टेम्पो उभा करून विकता आला. रंगीत ढोबळी आणि लेट्यूस घेऊन दारात गेलेल्याला बाई विचारते, याचे करायचे काय? घरात खपत नाही असे पीक हॉटेलाच्या भरवशावर किती लावायचे, हा आकडा ज्याने त्याने आपल्या कर्जाकडे बघून ठरवावा. एकरातले चार-पाच गुंठे ठीक, सगळा एकर नको. जे पीक लावाल त्याची ई-पीक पाहणीत नोंद करून घ्या. नुकसान झाले आणि सातबाऱ्यावर भातच दिसले, तर पंचनाम्याच्या वेळी भाऊसाहेबांना बोल लावून उपयोग नाही.

उधारीचेही आधीच बोलून घ्यावे. खाण्याचा धंदा तेजीत दिसतो, पण भाडे चढले की हॉटेल बंद होते आणि त्याच जागी दोन महिन्यांनी दुसरी पाटी लागते. मागचे देणे नवा मालक मानत नाही. पहिला महिना रोख, मग आठवड्याची उधारी, त्यापुढे नाही. वहीवर रोज मालकाची किंवा आचाऱ्याची सही हवी.

पुढच्या वेळी कचेरीच्या कामाला ठाण्यात याल तेव्हा साहेबांची वाट बघत बाकावर बसण्यापेक्षा तीन ते पाच या वेळेत एखाद्या हॉटेलाच्या मागच्या दाराशी जावे. दुपारचे गिऱ्हाईक उठलेले असते, संध्याकाळचे यायचे असते, आचारी भाजी निवडत बसलेला असतो. मालकापेक्षा त्याच्याशी आधी बोला. रोज काय किती लागते, कोणता माल सडका येतो, कोणत्या वारी कमी पडतो, एवढे चार प्रश्न. आणि पिशवीत आपल्या वाफ्यातली दोन जुड्या पात न्यायला विसरू नका, धुतलेली.