सोपी भाषा, खरी गोष्ट : रशियन वाचनपुस्तकांपासून इंदूरच्या अहिल्याबाईंपर्यंत

परकी भाषा शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम सोपी करून लिहिलेली वाचनपुस्तके हा शिक्षणव्यवहारातील एक स्वतंत्र लेखनप्रकार आहे, आणि इंग्रजी शिकणाऱ्या रशियन भाषकांसाठी तयार होणाऱ्या अशा पुस्तकांत गाजलेल्या खऱ्या घटनांचे कथन हा एक मोठा विभाग आहे. सोव्हिएत काळापासून तेथील शाळा-महाविद्यालयांत ‘घरचे वाचन’ हा परभाषेच्या अभ्यासाचा नियमित भाग राहिला. वर्गात व्याकरण आणि घरी एखादे सोपे केलेले पुस्तक, अशी ही विभागणी होती. पानावर मोजक्या शब्दांत सांगितलेली गोष्ट, खाली रशियन भाषेतील टिपा, शेवटी छोटा शब्दकोश आणि प्रश्न, असे या पुस्तकांचे रूप ठरून गेले. टायटॅनिक जहाजाचे १९१२ मध्ये झालेले बुडणे किंवा कॅप्टन स्कॉटची दक्षिण ध्रुवावरील मोहीम यांसारख्या घटना या प्रकाराला विशेष मानवतात, कारण त्यांचा शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो आणि एखादे वाक्य नीट उमगले नाही तरी गोष्टीचा धागा हातून सुटत नाही.

अशी पुस्तके जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी एकच न छापता विशिष्ट भाषकांसाठी वेगळी का काढावीत, याचे उत्तर टिपांमध्ये आहे. रशियन भाषेत इंग्रजीतल्यासारखी उपपदे नाहीत, म्हणजे नामाआधी येणारे ‘अ’ किंवा ‘द’ यांसारखे शब्द नाहीत, आणि वर्तमानकाळात ‘आहे’ या अर्थाचे क्रियापदही सहसा येत नाही. त्यामुळे रशियन विद्यार्थी नेमका जेथे अडखळतो तेथे त्याच्याच भाषेतील टीप उपयोगी पडते. उपपदे मराठीतही नाहीत, म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाची निम्मी अडचण तीच असते. मात्र ‘आहे’ मराठीत पदोपदी येते, त्यामुळे उरलेली अडचण वेगळी होते आणि टीपही वेगळी लागते.

या वाचनपद्धतीचे शास्त्र ज्यांनी घडवले त्यांच्यापैकी एक प्रमुख नाव मायकेल वेस्ट यांचे असून, त्यांचे काम हिंदुस्थानातच उभे राहिले ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी ठाऊक नाही. भारतीय शिक्षण सेवेतील हे अधिकारी ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि बंगालमधील द्वैभाषिकतेवरचा त्यांचा ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुसंख्य मुले शिक्षण अर्धवट सोडतात, तेव्हा त्यांच्या पदरी जे पडते ते आयुष्यभर उपयोगी पडणारे असावे आणि असे कौशल्य म्हणजे वाचन, असा त्यांचा विचार होता. त्यासाठी त्यांनी शब्द मोजून, नवे शब्द पानांवर विरळ पसरून आणि जुने शब्द वारंवार आणून पाठ्यमाला रचल्या. चार्ल्स ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली, तर वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २००० नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली, आणि पुढच्या अनेक दशकांतील सोपी पुस्तके तिच्या आधाराने लिहिली गेली. हू आणि नेशन यांनी २००० मध्ये केलेल्या अभ्यासानुसार कोणाच्याही मदतीवाचून कथा समजायची असेल तर तिच्यातील सुमारे ९८ टक्के शब्द वाचकाच्या ओळखीचे असावे लागतात, म्हणजे पन्नास शब्दांमागे अनोळखी शब्द एखादाच असावा. हे प्रमाण साधणे दिसते त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

मराठी गद्याच्या छापील इतिहासाच्या आरंभीही या प्रकारची पुस्तके आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या नवख्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्यासाठी १८०० मध्ये कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघाले, आणि तेथे मराठी शिकवणाऱ्या विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये कोश छापला. त्यांचे सहकारी पंडित वैजनाथ यांच्याकडून श्रीरामपूरच्या छापखान्यासाठी १८१४ मध्ये सिंहासनबत्तिशी आणि पुढे हितोपदेश तयार झाला. या पुस्तकांना मोडीचे टंक वापरले गेले, कारण कचेरीतील कागद मोडीत असत आणि शिकणाऱ्याला पुढे तेच वाचायचे होते. त्यांच्याच जोडीला राजा प्रतापादित्याचे चरित्रही मराठीत आले. ते रामराम बसू यांच्या १८०१ च्या बंगाली पुस्तकावरून केलेले होते, आणि ते बंगाली पुस्तकही याच कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले होते. परभाषकांसाठी सोप्या गद्यात सांगितलेले एका खऱ्या राजाचे चरित्र मराठीच्या पहिल्या छापील पुस्तकांत असावे, ही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. या पुस्तकांची भाषा आज ओबडधोबड वाटत असली तरी छापील मराठी गद्याची वाट सुरुवातीला तुडवणाऱ्यांत ती आहेत.

मराठीला आज असा वाचक पुन्हा मिळाला आहे आणि तो कोणी परका साहेब नाही. इंदुरातील मराठी घराण्यांचा या शहराशी असलेला संबंध होळकरांच्या काळापासूनचा आहे; मराठी येथे घरात बोलली जाते, महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या संस्था तिच्यासाठी झटतात, पण राज्याची आणि बाजाराची भाषा हिंदी असल्याने ज्या मुलांचे शिक्षण हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून होते त्यांना मराठी बोलता येते आणि पुस्तक मात्र जड जाते. देवनागरी लिपी हाताशी असल्याने अक्षरे अडत नाहीत. अडतात ती सामान्यरूपे. सामान्यरूप म्हणजे विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधी नामाचे होणारे बदललेले रूप. ‘वाड्यात’ हा शब्द कोशात सापडत नाही, त्यासाठी ‘वाडा’ हे मूळ रूप ओळखावे लागते. हिंदीत विभक्तीचा शब्द नामापासून सुटा लिहिला जात असल्याने मूळ रूप बहुधा डोळ्यांसमोर असते, मराठीत ते प्रत्ययाला चिकटून बदलते. या मुलांसाठी पानाखाली ‘वाड्यात : वाडा + त’ एवढी टीप दिली तरी पुष्कळ काम होते, आणि अशी टीप पुण्याच्या पाठ्यपुस्तकात असण्याचे कारण नसते.

या वाचकासाठी खरी गोष्ट निवडायची तर अहिल्याबाई होळकरांच्या चरित्राइतके योग्य दुसरे काही नाही, कारण विद्यापीठाच्या नावापासून राजवाड्यासमोरच्या पुतळ्यापर्यंत इंदुरातील मुलाला ते जागोजागी भेटते. ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे जन्म, १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेरावांचा मृत्यू, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव यांचे निधन, त्यानंतर महेश्वरहून केलेला सुमारे अठ्ठावीस वर्षांचा कारभार आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी मृत्यू, हा या चरित्राचा सांगाडा आहे. पुण्यतिथीला इंदुरात अहिल्योत्सव होतो, आणि येथेही टीप लागते. मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो व उत्तरेकडील पंचांगात पौर्णिमेला, त्यामुळे मराठी पुस्तकातील श्रावण वद्य चतुर्दशी हीच हिंदी दिनदर्शिकेत भाद्रपद कृष्ण चतुर्दशी असते. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. टीप नसेल तर एक चुकीची आहे असे मुलाला वाटेल.

सोपे करण्याचे काम वाक्यागणिक कसे चालते हे एका उदाहरणावरून दिसेल. चरित्रग्रंथात शोभेल असे एक वाक्य घ्यावे : ‘कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव धारातीर्थी पडल्यावर सहगमनास सिद्ध झालेल्या अहिल्याबाईंना मल्हाररावांनी परोपरीने विनवून परावृत्त केले.’ सोप्या पाठात याची सहा वाक्ये होतात : ‘मराठ्यांनी कुंभेरीच्या किल्ल्याला वेढा घातला होता. खंडेराव तिथे होते. त्यांना तोफेचा गोळा लागला आणि ते मरण पावले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना पुन्हा पुन्हा विनंती केली. मग त्या थांबल्या.’ धारातीर्थ, सहगमन, सिद्ध आणि परावृत्त हे शब्द गेले; ‘वेढा’ राहिला, कारण त्याला सोपा पर्याय नाही आणि तो एका टिपेने समजतो. शेवटच्या दोन वाक्यांऐवजी ‘मल्हाररावांनी त्यांना थांबवले’ असे लिहिले असते तर एक वाक्य वाचले असते, पण सासऱ्याची विनवणी आज्ञेत बदलली असती आणि सुनेने घेतलेला निर्णयही नाहीसा झाला असता. शब्द कमी करताना घटनेतील माणसांचे परस्परांशी असलेले नाते बदलू न देणे, ही या लेखनाची खरी कसोटी आहे, आणि पुष्कळ सोपी पुस्तके तेथेच उणी पडतात.

त्याहून मोठी अडचण गोष्टीच्या खरेपणाची आहे. इंदुरातील आडा बाजाराविषयी सांगितली जाणारी गोष्ट सर्वपरिचित आहे : मालेरावांच्या रथाखाली वासरू मेले, गाय रस्त्यात बसून राहिली, अहिल्याबाईंनी मुलाला त्याच रथाखाली चिरडण्याची शिक्षा दिली, रथ हाकायला कोणी धजेना तेव्हा त्या स्वतः रथावर चढल्या, आणि तीच गाय आडवी आली. गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे, सोप्या भाषेत सांगायला अतिशय सोयीची आहे, आणि म्हणूनच ती मुलांच्या पुस्तकांत चटकन शिरते. परंतु वासराच्या मृत्यूबद्दल पुत्राला रथाखाली घालणाऱ्या राजाची कथा तमिळनाडूत तिरुवारूर येथे मनुनीती चोळाविषयी सांगतात, आणि श्रीलंकेच्या महावंश या सुमारे पाचव्या-सहाव्या शतकातील ग्रंथात ती एळार राजाच्या नावावर आहे. न्यायी राज्यकर्त्याभोवती फिरत राहिलेली ही कथा इंदुरात येऊन अहिल्याबाईंची झाली, असेच मानावे लागते. शिवाय त्यांची राजधानी महेश्वर होती. इंदूर राजधानी झाले ते मंदसोरच्या तहानंतर, १८१८ मध्ये.

मालेरावांचा अंत आजारपणात झाला. त्यांच्या मृत्यूला आईच कारणीभूत होती, असा समज एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मध्य हिंदुस्थानात आलेल्या युरोपीय लोकांत पसरला होता, आणि सर जॉन माल्कम यांनी १८२३ च्या आपल्या ग्रंथात चौकशीअंती तो खोडून काढला. माल्कम हे होळकरांविरुद्ध महिदपूरची लढाई लढलेले ब्रिटिश सेनानी होते. तरीही अतिशयोक्तीच्या शंकेने त्यांनी निरनिराळ्या लोकांना विचारून पाहिले आणि सर्वत्र अहिल्याबाईंची स्तुतीच ऐकली. पुढे इतिहाससंशोधक पारसनीस यांनी महेश्वर दरबारची बातमीपत्रे प्रकाशात आणली आणि वा. वा. ठाकूर यांनी इंदुरातून होळकरशाहीच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध केली, त्यामुळे मूळ कागद आता मराठी लेखकाच्या आवाक्यात आहेत. मालेरावांच्या मृत्यूनंतर पेशवे माधवरावांचे चुलते राघोबादादा होळकरांवर फौज घेऊन आले तेव्हा अहिल्याबाईंनी त्यांना पाठवलेला निरोप मात्र पुस्तकागणिक वेगळ्या शब्दांत आढळतो, म्हणून सोप्या पाठात तो अवतरणचिन्हांत देऊ नये. स्वतः लढायची तयारी त्यांनी केली, पेशवे माधवरावांनी त्यांचा अधिकार मान्य केला आणि राघोबा लढाई न करता परतले, एवढे सांगितले तरी प्रसंगाचा कस कमी होत नाही.

आडा बाजाराची गोष्ट अशा पुस्तकातून वगळावी असे नाही, कारण ती इंदूरच्या स्मृतीचा भाग आहे आणि मूल ती घरी ऐकणारच. तिला चरित्राच्या धड्यांत न मिसळता ‘लोक काय सांगतात’ अशा वेगळ्या मथळ्याखाली द्यावे, तिरुवारूरची कथा तिच्याशेजारी छापावी, आणि धड्याखाली नेहमीच्या रिकाम्या जागांबरोबर दोन प्रश्न विचारावेत : या दोन गोष्टींत सारखे काय आहे, आणि मालेरावांविषयीची कोणती माहिती आधीच्या धड्यात वेगळी दिली होती? उत्तरासाठी लागणारे सगळे शब्द मुलाने तोवर वाचलेले असतात.