नव्या घरातली ओल आणि ५ वर्षांची हमी

ताबा मिळतो, वास्तुशांत होते आणि पहिल्याच पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीवर ओल उमटते. रंगाला पापुद्रे सुटतात. नवे घरमालक थेट रंगाऱ्याला गाठतात.

घाई इथेच महागात पडते.

ओल बारमाही असेल तर पलीकडच्या बाथरूमवर संशय घ्यावा. फक्त पावसात दिसत असेल तर बाहेरच्या भिंतीच्या भेगा आणि खिडकीच्या कडा तपासाव्यात. बाथरूमची परीक्षा सोपी असते: नहाणी ट्रॅप बुचाने बंद करायचा, लादीवर पाणी साठवायचं आणि २४ तास थांबायचं. खालच्या छताला किंवा शेजारच्या भिंतीला डाग आला, तर वॉटरप्रूफिंग कच्चं समजावं.

खर्च कोणाचा? २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार लेखी करावी, सोबत फोटो जोडावेत.

नळाची टिपटिप मात्र घरच्या घरी थांबते. मेन कॉक बंद करून झिजलेला वायसर बदलला की काम फत्ते! पान्याला हात सरावला की पुढच्याच रविवारी शॉवरची पाळी येते. तिथे टेफ्लॉन टेप आट्यांवर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर पिळताना सुटून येते.