आधी उसवा, मग कापा

बाळ जन्मलं की त्याला गुंडाळायचं ते आजीच्या जुन्या लुगड्याच्या दुपट्यात, ही आपल्याकडची रीत. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती कापडाचा मऊपणा नव्या कापडाला येत नाही, हे बायकांना पक्कं ठाऊक होतं. तरीही वापरलेली साडी किंवा सेकंडहँड शर्ट उसवून अंगाच्या मापाचा ड्रेस शिवायचा म्हटलं, की घरातूनच हरकती निघतात. त्यातल्या काही खऱ्या आहेत, बऱ्याचशा ऐकीव.

पहिली हरकत रोगराईची. खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून दूर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त सहसा जगत नाही, अंगावरच्या उवा आठवडाभरात मरतात. सुती कपडा 55 ते 60 अंश गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवला आणि इस्त्री केली की चिंता मिटते. रेशीम गरम पाण्यात घालू नये. ते दोन आठवडे पिशवीत बंद ठेवून मग ड्रायक्लीनला द्यावं. ढेकूण मात्र महिनोन्महिने उपाशी तग धरतो, म्हणून विकत घेतानाच शिवणी उलट्या करून बघाव्यात.

'ढगळ आहे ना, मग बाजूनं दोन टिपा मारल्या की झालं!' हा गैरसमज सगळ्यात जास्त कपडे वाया घालवतो. पुरुषाचा एक्सएल शर्ट घ्या. बाजू आत घेतल्या की छाती-कंबर बसते, पण खांदा दंडावर उतरलेलाच राहतो आणि मुंढा खोलच राहतो. मग हात वर केला की अख्खा ड्रेस वर ओढला जातो. बसणं ठरतं ते खांद्यावर आणि मुंढ्यावर, कंबरेचा नंबर नंतरचा. म्हणून बाह्या, कॉलर, बाजू, सगळं उसवायचं, भाग इस्त्री करून सपाट करायचे आणि त्यावर आपला पॅटर्न ठेवून नवा मुंढा, नवा खांदा कापायचा. शर्टाची पाठ हा सर्वात मोठा सलग तुकडा, तिथून वरचा भाग निघतो. काज-बटणांची पट्टी तशीच ठेवून समोर वापरता येते. ती नव्यानं करण्याचे कष्ट वाचतात. लांबी कमी पडली तर खाली दुसऱ्या शर्टाचा घेर जोडायचा. पॅटर्नबद्दल खात्री नसेल तर आधी मांजरपाटाचा नमुना शिवून अंगावर घालून पाहावा. जुनं कापड एकदा चुकलं की दुकानात जाऊन त्याच्याच जोडीचा आणखी एक मीटर मिळत नाही.

साडीचं गणित वेगळं. सहावारी म्हणजे साधारण साडेपाच मीटर लांब आणि 115 सेंटिमीटरच्या आसपास रुंद कापड. गुडघ्यापर्यंतच्या ड्रेसला अडीच-तीन मीटर पुरतं, म्हणजे निवडीला भरपूर वाव. ही निवड डोळ्यांनी नाही, उजेडात धरून करायची. पायाशी घासणारा खालचा काठ, पिना टोचलेला खांद्यावरचा पदर आणि मिऱ्यांच्या जागा जास्त झिजलेल्या असतात. कमरेभोवतीचा आतला फेरा पुष्कळदा रंगानं आणि विणीनं सर्वात चांगला राहिलेला असतो, कारण त्याला ऊन लागलेलं नसतं. मग दोन्ही अंगठ्यांत कापड धरून ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेनं हळू ताणायचं. चर्र आवाज आला तर तो भाग ड्रेससाठी गेला.

इथे मी स्वतः एकदा चुकले. कपाटात वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली रेशमी साडी मी न उलगडताच मापं आखून घेतली. कापताना घडीच्या रेषेवरच ती फाटत गेली. रेशमी साडीची घडी अधूनमधून बदलून ठेवायला सांगतात ते यासाठीच: एकाच दुमडीवर धागे तुटत जातात. पुढे ते रेशीम दुसऱ्या कापडावर बसवून जाकिटाची पाठ केली, पण ड्रेस नाही झाला.

काठाविषयीही असाच घोळ होतो. कळ्यांचा घेरदार ड्रेस हवा आणि साडीचा काठ खाली तसाच हवा, असं शिंप्याला सांगितलं जातं. कळ्यांचा घेर खाली गोलाई घेतो आणि काठ असतो सरळ रेषेत विणलेला; तो वळत नाही. काठ अखंड ठेवायचा तर घेर सरळ पट्टीचा घ्यावा आणि कमरेशी चुन्या घालाव्यात. किंवा काठ वेगळा काढून बाह्यांना, गळ्याला लावावा. मला दुसरा पर्याय अधिक आवडतो, कारण जरीचं वजन खाली लोंबत नाही.

'जुन्या कापडाला अस्तर लावलं की ते टिकतं' हे अर्धं खरं. अस्तर शिवणींवरचा ताण घेतं, पण आधी धुऊन आटवलेलं असेल तरच. जुनं सुती कापड जितकं आटायचं तितकं आटून गेलेलं असतं. नवं कोरं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि बाहेरच्या कापडाला सुरकुत्या पडतात. जुन्या रेशमाचा ड्रेस अंगाला चिकटून शिवू नये. नव्या कापडाला छातीत दोन-तीन इंच सैल ठेवतो तिथं चार इंच ठेवावं, नाहीतर बसल्या-उठल्या शिवणीपाशी कापड उसवतं.

शेवटची समजूत म्हणजे हे सगळं स्वस्तात होतं. घरी शिवलं तर होतं. शिंप्याकडे मात्र नव्या कापडाच्या शिलाईपेक्षा जास्त पैसे पडू शकतात, आणि ते रास्त आहे. उसवण्यात त्याचा बराच वेळ जातो, शिवाय एक चुकीची कात्री म्हणजे भरून न निघणारं नुकसान. निम्मं काम आपण करून द्यावं: घरीच उसवून, धुऊन, इस्त्री करून, झिजलेल्या जागांवर खडूनं फुल्या मारून भाग न्यावेत. आणि एवढं जरूर सांगावं, की आत इंचभर माया सोडा. म्हणजे दोन वर्षांनी माप बदललं, किंवा लेकीनं मागितला, तर हाच ड्रेस पुन्हा उसवता येतो.