विश्लेषण : केसांतले आर्सेनिक शोधणारे यंत्र अचूक कसे ठेवतात?

प्रताप नगरच्या बाजारात काटा चुकला तर नुकसान चार-दोन रुपयांचे. विषबाधेच्या तपासात गॅमा किरण मोजणारे यंत्र चुकले तर?

तंत्र काय?
केसांचा नमुना अणुभट्टीत ठेवतात. न्यूट्रॉनच्या माऱ्याने त्यातली मूलद्रव्ये किरणोत्सारी होऊन ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण सोडतात. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हे तंत्र वापरले जाते.

चूक कुठे होते?
आर्सेनिकचा किरण ५५९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, अँटिमनीचा ५६४ चा. मोजपट्टी जराशी सरकली, तरी अँटिमनी आर्सेनिक वाटू शकते.

उपाय काय?
आधी ओळखीचे स्रोत ठेवतात. सीझियम-१३७ चा किरण ६६२ वर, कोबाल्ट-६० चे ११७३ आणि १३३२ वर दिसायलाच हवेत. नसतील तर आधी पट्टी दुरुस्त करायची, मगच केस तपासायचे. विष किती, हे कळण्यासाठी आर्सेनिकचे प्रमाण माहीत असलेला नमुनाही सोबत मोजतात.