टाच दुखते म्हणून मैदान सुटू नये

सामना सुरू असेपर्यंत मुलगा जिवाच्या आकांताने पळतो. मैदानाबाहेर आला की लंगडू लागतो. घरी येईपर्यंत टाच टेकवत नाही, नुसत्या चवड्यांवर चालतो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत मात्र पुन्हा पकडापकडी! कुठे पडलेला नाही, पाय मुरगळलेला नाही, टाचेवर फारशी सूजही नाही. मग घरात चर्चा सुरू होते. सरावाला दांडी मारण्याचा हा बहाणा तर नाही?

बहुतेक वेळा तो बहाणा नसतो. साधारण आठ ते पंधरा वर्षांच्या, भरपूर खेळणाऱ्या मुलांमध्ये टाच दुखण्याचे सर्वांत नेहमीचे कारण टाचेच्या वाढत्या हाडात असते. बॉस्टनचे अस्थितज्ज्ञ जेम्स वॉरन सेव्हर यांनी १९१२ साली या दुखण्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून डॉक्टर त्याला ‘सेव्हर्स डिसीज’ म्हणतात. हा संसर्ग नव्हे, आणि हाड झिजण्याशी किंवा ठिसूळ होण्याशीही त्याचा संबंध नाही.

लहान वयात टाचेचे हाड एकसंध नसते. त्याच्या मागच्या टोकाला हाडाचा एक वेगळा तुकडा तयार होत असतो आणि तो मुख्य हाडाला कूर्चेच्या थराने जोडलेला असतो. वाढ इथेच होते. हा थर पक्क्या हाडाइतका मजबूत नसतो, पण ताण मात्र त्याला मोठा सोसावा लागतो. वरून पोटरीचे स्नायू अ‍ॅकिलिस टेंडन या जाड शिरेतून त्याला ओढतात, खालून तळपायाचा जाड पडदा खेचतो. प्रत्येक उडीला आणि प्रत्येक धावेला ही रस्सीखेच चालते, शिवाय टाच जमिनीवर आपटते ते वेगळेच. त्यातच उंची भराभर वाढू लागते. हाडे आधी लांबतात, पोटरीचे स्नायू मागे पडतात आणि ओढ आणखी वाढते. म्हणूनच जो मुलगा वर्षभरात पँट आखूड करून बसतो, तोच टाच धरून बसतो. मुलींची वाढ आधी सुरू होते, त्यामुळे त्यांना हा त्रास मुलांपेक्षा थोडा लवकर होतो. पुष्कळदा दोन्ही टाचा दुखतात.

फुटबॉल, बास्केटबॉल, जिम्नॅस्टिक्स आणि धावणे हे खेळ याबाबतीत आघाडीवर आहेत. आपल्याकडच्या खेळांनाही हाच नियम लागू होतो. खो-खोत उकिडवे बसून एका झटक्यात उठून पळायचे असते, मल्लखांबावरून उडी घेऊन पायांवर उतरायचे असते आणि तेही अनवाणी. सोसायटीच्या आवारातल्या पेव्हर ब्लॉकवर किंवा सिमेंटच्या कोर्टवर रोज संध्याकाळी खेळणाऱ्यांच्या टाचांना हिसके जास्त बसतात. फुटबॉलच्या स्टडच्या बुटांत टाच पुढच्या भागाच्या तुलनेत खालीच राहते, म्हणून पोटरी आणखी ताणली जाते. सुट्टी संपताच एकदम वाढवलेला सराव आणि शाळेचा संघ, क्लब व शिबिर अशा तिन्ही ठिकाणी एकाच वेळी खेळणे, या गोष्टी निमित्ताला पुरतात.

निदान सोपे आहे. डॉक्टर टाचेच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबतात आणि मूल कळवळते. यासाठी बहुधा एक्स-रेची गरज लागत नाही. उलट एक्स-रेमुळे घाबरगुंडी उडण्याची शक्यता अधिक, कारण टाचेचा हा भाग निरोगी मुलांमध्येही दाट पांढरा आणि कधी कधी तुकडे झाल्यासारखा दिसतो. डॉक्टर एक्स-रे काढायला सांगतात ते दुसरी शंका असली तर.

ही शंका कधी घ्यायची, हे पालकांना माहीत असायला हवे. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, टाच लाल आणि गरम होणे, उघड सूज, पडल्यावर किंवा उंचावरून उडी मारल्यावर अचानक सुरू झालेली कळ, पाय टेकवताच न येणे, सकाळी बराच वेळ सांधे आखडलेले राहणे, विश्रांतीनंतरही काही आठवड्यांत फरक न पडणे: यातले काहीही दिसले तर लगेच डॉक्टर गाठावेत. हाडाला गेलेली बारीक चीर, जंतुसंसर्ग, संधिवात आणि क्वचित गाठ अशी कारणे तपासावी लागतात.

घरगुती उपायांत आपल्याकडे तापलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून शेकण्याची जुनी पद्धत आहे. मुलांच्या बाबतीत ती टाळावी. नाजूक कातडी भाजू शकते आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. ‘टाचेचे हाड वाढलेय’ हे मोठ्यांच्या टाचदुखीचे निदानही मुलांना लावू नये. मोठ्यांना टाचेत कधी कधी स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात, या दुखण्यात ते देत नाहीत. जोरजोरात चोळून काही साधत नाही. अंगात कमतरता नसेल तर कॅल्शियमच्या गोळ्यांनीही टाच बरी होत नाही.

उपयोग होतो तो साध्या गोष्टींचा. खेळून आल्यावर बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटे टाचेला लावावा, थेट कातडीवर नको. बुटांत टाचेखाली मऊ जेलची किंवा रबराची गादी घालावी. एकच टाच दुखत असली तरी ती दोन्ही बुटांत हवी. टाच थोडी उंचावली की पोटरीची ओढ कमी होते. शाळेचे सपाट, पातळ तळव्याचे कॅनव्हास बूट काही दिवस बाजूला ठेवावेत. खो-खो किंवा मल्लखांब खेळणाऱ्याला खेळताना गादी वापरता येत नाही, पण उरलेला दिवस तरी त्याने चांगले बूट घालावेत, फरशीवर अनवाणी फिरू नये आणि उड्यांचा सराव जाड मॅटवर करावा.

पोटरीचे ताणही घ्यायला हवेत. भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्यायचा, टाच जमिनीवर ठेवायची, गुडघा सरळ ठेवून अर्धा मिनिट थांबायचे. मग तोच ताण गुडघा किंचित वाकवून घ्यायचा. दोन्ही पायांना दोन-तीनदा, दिवसातून दोन वेळा पुरे. टाचेत कळ येईल इतके ताणू नये. दुखणे फार असेल तर आधी ते थोडे उतरू द्यावे.

सर्वांत अवघड प्रश्न खेळाचा. खेळ पूर्ण बंद करायची गरज फार थोड्या मुलांना पडते. लंगडल्याशिवाय खेळता येत असेल आणि वाढलेले दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत उतरत असेल, तर सराव चालू ठेवायला हरकत नाही. लंगडत असेल तर थांबवावे. मधल्या काळात पोहणे आणि सायकल चालवणे चांगले, दम टिकतो आणि टाच आपटत नाही. सामन्याआधी वेदनाशामक गोळी देऊन मुलाला मैदानात उतरवणे मात्र चूक आहे, कारण कुठे थांबायचे हे सांगणारी कळच त्यामुळे दबते.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्सच्या एका अभ्यासात अशा मुलांचे तीन गट केले होते. एका गटाने खेळ आवरता घेऊन नुसती वाट पाहिली, दुसऱ्याने टाचेखाली उंची वापरली, तिसऱ्याने फिजिओथेरपी घेतली. तीन महिन्यांनी तिन्ही गटांतल्या मुलांचे दुखणे बरेच कमी झाले होते आणि गटागटांत मोठा फरक उरला नव्हता. तेव्हा महागड्या उपचारांच्या मागे धावण्याआधी सरावाचा हिशेब मांडावा. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी हवी. सरावाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त होऊ नयेत, हा खेळवैद्यकातला एक सोयीचा अंदाज आहे. दहा वर्षांच्या मुलाला दहा तास खूप झाले.

प्रशिक्षकांशी पालकांनी हे मोकळेपणाने बोलावे. ‘दुखतेय तरी खेळ, सवय होईल’ हा सल्ला इथे चालत नाही. संघातून बाहेर बसावे लागेल या भीतीने पुष्कळ मुले दुखणे लपवतात, म्हणून सरावानंतर ते कसे चालतात याकडे प्रशिक्षकांचे लक्ष हवे. बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा दोन-तीन महिन्यांत आराम पडतो. पुढच्या हंगामात सराव वाढला की दुखणे पुन्हा डोके वर काढू शकते, तेव्हा हेच उपाय पुन्हा करावेत. पंधराव्या-सोळाव्या वर्षाच्या सुमारास कूर्चेचा थर भरून हाड एकसंध होते आणि हे दुखणे कायमचे थांबते. टाचेत त्याचा कोणताही दोष मागे राहत नाही.